लोणी सुटलं, पण भाकरी घशाखाली उतरेना. खान्देशकरांनो, तुम्ही काय लावता?

लोणकढी | ६ जानेवारी, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मी जळगावची, वय ४१, वजन ८१, उंची विचारू नका. मागच्या महिन्यात रक्ताचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रिपोर्ट बाजूला सारून आधी विचारलं, "लोणी किती खाता?" म्हणजे तोंडावरच लिहिलेलं असावं.

हिशेब मांडला आणि घाबरले. अर्धा किलोचा पुडा आमच्याकडे अकरा दिवस जातो. नवरा लोणी खात नाही, सासूबाईंना तूप लागतं, पोरगं डब्यात नेतं ते पावाला पुसण्यापुरतं. उरलं ते कुणाच्या पोटात जातं हे सांगायला नको. रोजचे तीन मोठे चमचे धरले तरी ३०० कॅलरी झाल्या. आणि हे जेवण नाही, जेवणावरचं.

बारा किलो कमी करायचे आहेत. चालायला लागले, भात कमी केला, साखर सोडली. लोणी सुटेना. गरम कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीवर लोणी विरघळताना नुसतं बघितलं तरी माझा दिवस बरा जातो हो. कोरडी खाल्ली तर दुसऱ्याच घासाला उचकी.

आतापर्यंतचे प्रयोग: 'लाइट' म्हणून मिळणारा एक डबा आणला, त्याला मेणबत्तीची चव होती. मग शेंगदाण्याचं बटर आणलं, तर एक चमचा म्हणता म्हणता चार गेले. कुणीतरी चवीचं काही सांगा. 'सवय होईल' असं सांगणाऱ्यांना आधीच नमस्कार.

तापीकाठ | ६ जानेवारी, रात्री १०:३१

ताई, आपल्याकडे हे लोण्याचं फॅड नव्हतंच. कळण्याची भाकर, वर कच्चं शेंगदाणा तेल, मिरचीचा ठेचा, बुक्कीने फोडलेला कांदा. विषय संपला.

नुसता_वाचक | ६ जानेवारी, रात्री १०:४४

विषय संपला नाही भाऊ, वाढला. लोण्यात फॅट ८० टक्के, बाकी बरंचसं पाणी. तेल म्हणजे शंभर टक्के फॅट. एक मोठा चमचा लोणी १०० कॅलरी, तेवढंच तेल १२०. आणि आपल्याकडे तेल चमच्याने कोण घेतं? बाटली उपडी करतात.

तापीकाठ | ६ जानेवारी, रात्री १०:५०

माझे आजोबा नव्वदीपर्यंत तेलच खात होते.

नुसता_वाचक | ६ जानेवारी, रात्री १०:५२

आणि शेतात पायी जात होते. तुम्ही धाग्यावर येता.

खापर_पोळी | ७ जानेवारी, सकाळी ७:१५

आमना घरमा लोनी पोरेसना हातले लागेच नई. माय सगळं कढाईमा टाकीसन तूप करे, आनि तूप सनवारले. बेरी तेवढी आमले भेटे, साखर टाकीसन. आते रोजच सनवार, मंग पोट वाढनारच ना माय!

डेअरीतला_आप्पा | ७ जानेवारी, दुपारी २:०५

लोणकढीताई, मी आहारतज्ज्ञ नाही. पण बावीस वर्षं दुधाच्या धंद्यात काढली, निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, त्यामुळे लोणी या विषयावर मला कुणी अडवू शकत नाही. जरा लांबण लागेल.

तुम्हाला लोण्यातलं नेमकं काय हवं आहे ते आधी ओळखा. लोणी एक नाही, त्यात चार गोष्टी आहेत. पुड्याच्या लोण्यात मीठ असतं, त्याने जिभेला तरतरी येते. ओलावा आणि बुळबुळीतपणा असतो, त्याने भाकरी घशाखाली जाते. तिसरा त्याचा वास. चौथी गोष्ट फॅट, आणि कॅलरी जवळजवळ सगळ्या तिच्या.

आता गंमत बघा. लोण्याचा जो खास वास म्हणतात तो फॅटचा नव्हे. साय विरजते तेव्हा विरजणातले जिवाणू डायअॅसिटिल नावाचं एक द्रव्य तयार करतात, तो त्याचा वास. म्हणूनच आईने विरजलेल्या सायीचं लोणी वासाने ओळखू येतं आणि नुसत्या ताज्या मलईचं सपक लागतं. हेच द्रव्य चांगल्या लागलेल्या दह्यात असतं, ताकात असतं. म्हणजे लोण्याचा वास तुम्हाला जवळपास फुकटात मिळतोय, फक्त तुम्ही तो लोण्यात शोधताय.

करून बघा. डबल टोन्ड दूध घ्या, त्यात फॅट दीड टक्का असतं. टोन्ड घेतलंत तर तीन टक्के, तेही चालेल. म्हशीचं घरचं नको, ते सहा-सात टक्क्यांच्या घरात जातं. दूध चांगलं आटू द्या, कोमट असताना विरजण लावा आणि दही आंबट व्हायच्या आत फडक्यात बांधून टांगा. सहा-सात तासांत चक्का होतो. तो श्रीखंडाला घेतो तसा पुरणयंत्रातून किंवा चाळणीवरून घासून काढा. ही घासणी टाळू नका, सगळा लोण्यासारखा गुळगुळीतपणा तिथेच येतो. मग मीठ, जरा जास्तच वाटेल इतकं. मोठा चमचाभर चक्का म्हणजे पंधरा-वीस कॅलरी, आणि त्यात प्रथिनं.

एक सूचना. हा चक्का तव्यावर टाकू नका, फाटतो. ताटात घेतलेल्या भाकरीवरच लावा.

जाता जाता: म्हशीचं लोणी पांढरं असतं ते भेसळीमुळे नव्हे. गाईच्या दुधात चाऱ्यातलं कॅरोटीन तसंच उतरतं म्हणून लोणी पिवळसर, म्हैस त्याचं आधीच जीवनसत्त्व अ करून टाकते म्हणून पांढरं. हे इथे कुणी विचारलं नव्हतं, पण बावीस वर्षं लोकांनी हाच प्रश्न विचारून माझं डोकं खाल्लं आहे.

लोणकढी | ७ जानेवारी, रात्री ९:२०

आप्पा, पाया पडते. दूध लावलं आहे. उद्या टांगते.

न्यूजर्सीतला_भुसावळकर | ८ जानेवारी, पहाटे ४:३७

आम्ही इथे पावाला अॅव्होकाडो लावतो. मीठ, लिंबू, मिरपूड. शंभर ग्रॅमला १६० कॅलरी, लोण्याला तितक्यालाच ७२० च्या आसपास. खरंच लोण्यासारखं लागतं.

मिरची_बाजार | ८ जानेवारी, सकाळी ८:०२

भाऊ, नंदुरबारात ते फळ मिळालं तर लोक पेरू समजून मीठ-तिखट लावून चावतील. आणि एकाच्या किमतीत इथे आठवड्याची भाजी होते.

केळीचा_घड | ८ जानेवारी, सकाळी ११:४०

भुसावळकर हसण्यावारी नेण्यासारखं बोलले नाहीत. पोत बरोबर ओळखला आहे. फक्त तुम्ही रावेर-यावलच्या पट्ट्यातले असून केळं विसरलात याचं वाईट वाटलं.

कच्चं केळं सालासकट कुकरमध्ये दोन शिट्ट्या. गरम असतानाच साल काढून घोटायचं, गार झालं की गुठळ्या होतात. त्यात दोन चमचे दही, मीठ, भाजलेला लसूण, जिरं. केळ्यात पिष्ट असतं म्हणून ते ओढून येतं, लोण्यासारखं चोपडता येतं. कॅलरी कमी असल्या तरी शून्य नाहीत, शंभर ग्रॅमला शंभराच्या आसपास धरा. भाकरीवर लावायला एका केळ्यात दोघांचं भागतं.

पिकलेलं केळं केकमध्ये लोण्याऐवजी चालतं. पूर्ण बदली करू नका, केक खाली बसतो. निम्मं लोणी, निम्मं केळं. आमच्याकडे बाजारात भाव पडला की घरात केकच केक.

लोणकढी | ९ जानेवारी, रात्री ८:५५

चक्का झाला. घासला. मीठ घातलं. दादर ज्वारीच्या भाकरीवर लावला. पहिला घास: बरा. दुसरा घास: बरा. तिसऱ्याला वाटलं, मी श्रीखंडाचा अपमान करते आहे. काहीतरी कमी आहे आप्पा. वास आहे, ओलावा आहे, पण लोण्याचं ते 'हं' होत नाही.

डेअरीतला_आप्पा | ९ जानेवारी, रात्री ९:३०

'हं' फॅटचं. ते राहणारच. त्याला दुसऱ्या जोरकस गोष्टीने झाकायचं. लसणाच्या चार पाकळ्या सालासकट निखाऱ्यावर किंवा गॅसवर काळ्या होईपर्यंत भाजा, एक हिरवी मिरची तशीच, दोन्ही ठेचून चक्क्यात घाला. मग सांगा.

मावशी_चोपडेकर | १० जानेवारी, दुपारी ३:१०

मुळात भाकरीच कोरडी का होते ते कुणी विचारलं नाही. लोणी लागतं ते भाकरीचं पाप झाकायला.

ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही. पीठ जुनं झालं की उरलासुरला जीव जातो, भाकरी थापताना कडा फुटतात आणि तव्यावर पापड होतो. आठवडाभराचंच पीठ दळून आणा. पाणी उकळतं घ्या, त्यात पीठ टाकून झाकून ठेवा, मग हात भाजेल इतक्या गरम पिठाला मळा. आणि मळा म्हणजे मळा, तळहाताने रगडून. कळण्याच्या भाकरीला आम्ही चार वाट्या ज्वारीला एक वाटी अख्खे उडीद धरतो, मीठ दळतानाच. उडदाने तिला ओल आणि चिकण येते. अशी भाकर तव्यावरून थेट ताटात आली तर नुसती खाल्ली तरी उचकी लागत नाही. तुम्ही सकाळी करून रात्री खात असाल तर लोण्याचं डबडंही पुरणार नाही.

लोणकढी | १० जानेवारी, रात्री १०:०१

मावशी, पकडलंत. सकाळी सहाला करते, ऑफिसातून येऊन रात्री नऊला खाते.

बडगीवाला | ११ जानेवारी, सकाळी १०:१८

जानेवारी चालू आहे आणि एवढ्या चर्चेत भरताचं नाव नाही. कमाल आहे.

ताई, भरीत हेच खान्देशाचं लोणी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते उगाच नाही. ती हिरवी, पांढऱ्या रेघांची मोठी वांगी, बिया कमी, भाजली की आतला गर रेशमासारखा. शंभर ग्रॅम वांग्याला पंचवीसेक कॅलरी.

नुसता_वाचक | ११ जानेवारी, सकाळी १०:२६

वांग्याला पंचवीस. भरिताला किती?

बडगीवाला | ११ जानेवारी, सकाळी १०:३०

तिथेच येत होतो.

मागच्या रविवारी मळ्यात पार्टी होती. १० किलो वांगी, दीड किलो तेल, खाणारे २० जण. घरी येऊन तुमच्यासारखाच हिशेब केला. माणशी ७५ ग्रॅम तेल. ७५ गुणिले ९, म्हणजे ६७५ कॅलरी नुसत्या तेलाच्या. वर कळण्याच्या पुऱ्या, त्याही तळलेल्या. तुमचं दोन दिवसांचं लोणी मी एका बैठकीत तेलातून खाल्लं. आणि वर आम्हीच म्हणतो, आमच्याकडे लोण्याचं फॅड नाही.

तापीकाठ | ११ जानेवारी, सकाळी १०:४१

हा टोमणा मला होता का?

बडगीवाला | ११ जानेवारी, सकाळी १०:४३

हो.

बडगीवाला | ११ जानेवारी, दुपारी १:३०

आता घरी कसं करायचं ते. काल करून बघितलं म्हणून लिहितोय.

तेल घालतात ते का? मिरची-लसणाचा झणका तेलात उतरतो आणि सगळीकडे पसरतो, शिवाय चकाकी येते. पण शेंगदाण्यात निम्मं वजन तेलच असतं की! ते बाहेर काढा. बडगीत, म्हणजे भरीत कुटायच्या लाकडी द्रोणीत, आधी भाजलेले गरम शेंगदाणे एकटेच कुटायचे, तेल सुटून लगदा होईपर्यंत. गार दाणे कुटले तर नुसता कूट होतो. मग त्यात भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, मीठ. मग वांग्याचा गर, आणि मुसळाने घोटायचं. मिक्सर लावू नका, गराचं पाणी होतं. शेवटी कांद्याची पात, कोथिंबीर. अर्धा किलो वांग्याला दोन मुठी दाणे आणि फोडणीला एक छोटा चमचा तेल. घरात कुणाला कळलं नाही. आईला कळलं, पण ती काही बोलली नाही, म्हणजे पास.

वांगी गॅसवर भाजलीत तर निम्मी चव गेली. कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्या मिळाल्या तर बघा. तो धूर लागला की तेलाची आठवण येत नाही.

खापर_पोळी | ११ जानेवारी, रात्री ८:४७

आनि फुनके कोनलेच याद नई? डाय भिजाडो, जाडीभरडी दयो, वाफाडो, कढीसंगे खावो. तयनं नई, काही नई. फक्त वरथीन तेलनी धार धरू नका, आमना घरमा तीच धार बंद व्हत नई.

पुणेरी_पण_धुळ्याची | १२ जानेवारी, सकाळी ९:१२

मी भरतात दही घालते. तेल अजिबात लागत नाही, छान मऊ होतं.

बडगीवाला | १२ जानेवारी, सकाळी ९:१५

त्याला भरीत म्हणू नका. कोशिंबीर म्हणा, माझी हरकत नाही.

पुणेरी_पण_धुळ्याची | १२ जानेवारी, सकाळी ९:१९

वजन माझं ५८ आहे. तुमचं?

(इथून पुढचे बारा प्रतिसाद दही आणि भरीत यांवर होते, ते वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. संचालक.)

मावशी_चोपडेकर | १३ जानेवारी, दुपारी ४:००

शेंगदाणा, तीळ, जवस यांच्या चटण्या लोण्याला पर्याय म्हणून सगळे सांगतात, मीही सांगणार होते. पण खरं सांगायचं तर कॅलरीत त्या फार मागे नाहीत. शेंगदाणा शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर जातो. फायदा इतकाच की त्यात पंचवीस टक्के प्रथिनं आहेत, पोट धरून राहतं, आणि तिखट असल्याने चमचाभरच जाते. गोडूस बटर करून डब्यात भरलंत की तेच दाणे चार चमचे जातात, ताईंना अनुभव आलाच आहे. लाल मिरची सढळ घाला, तीच राखण करते.

भीतीपोटी_मार्गारिन | १४ जानेवारी, रात्री ११:०५

मार्गारिन चालेल का? लोण्यापेक्षा स्वस्त आहे.

डेअरीतला_आप्पा | १५ जानेवारी, सकाळी ६:४०

कॅलरीत काही वाचत नाही, तेही बहुतेक फॅटच. पूर्वी त्यात ट्रान्स फॅटची मोठी भानगड होती. जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे तेल-तुपातल्या कारखानी ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे आता पूर्वीइतकं वाईट म्हणणार नाही. पण चवीसाठी खायचं तर चव तरी असावी ना.

लोणकढी | २ फेब्रुवारी, रात्री ९:४८

चार आठवडे झाले, हिशेब देते. वजन ८१ वरून ७९.२. मैत्रीण म्हणाली एवढंच? मी म्हटलं, मला एवढंही पुष्कळ.

आप्पांचा काळ्या लसणाचा चक्का जिंकला. आता घरात तो 'आप्पा' याच नावाने ओळखला जातो. पोरगं विचारतं, आई, आप्पा संपला का? मीठ नेहमीपेक्षा जास्त लागतं हे खरं, त्यामुळे ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी मिठाऐवजी मिरची वाढवावी. सासूबाईंसाठी मी तसंच करते.

कच्च्या केळ्याचं मला जमलं नाही. गार झाल्यावर घोटलं, दगड झाला. चूक माझी, केळीच्या घडाने आधीच बजावलं होतं.

मावशींचं ऐकून पिठाचा डबा छोटा केला आणि भाकरी रात्री ताजी. इथे सगळ्यात मोठा फरक पडला. पहिल्या दिवशी तव्यावरची भाकरी हातात घेतली, पापुद्रा फोडला, आतली वाफ तोंडावर आली आणि लोण्याची आठवण भाकरी अर्धी संपल्यावर आली.

टोस्टला मात्र काही म्हणजे काहीच चालत नाही. चक्का लावला तर पाव भिजतो, केळं लावलं तर बाळाचं खाणं. मग टोस्टच सोडला. पावभाजीला एक युक्ती सापडली: शिजताना लोणी शून्य, भाजी घोटताना दुधी आणि फ्लॉवर जास्त, आणि ताटात वाढल्यावर वरून छोटा चमचा लोणी, ५ ग्रॅम. ३६ कॅलरी. नाकाला आधी तेच लागतं, त्यामुळे सगळी भाजी लोण्याची वाटते. कढईत घातलेलं ५० ग्रॅम कुणाला कळत नव्हतं आणि ताटातलं ५ ग्रॅम सगळ्यांना कळतं.

नुसता_वाचक | २ फेब्रुवारी, रात्री १०:१०

दिवसाच्या १०० कॅलरी वाचवल्या तर वर्षात ३६,५००. एक किलो चरबीला ७,७०० धरतात, म्हणजे कागदावर पावणेपाच किलो. अंगावर त्याहून कमी उतरतात, कारण शरीरही खर्च आवरतं. तुमचा चार आठवड्यांचा आकडा चांगला आहे, पण त्यात पहिलं पाणीही असणार. पुढच्या महिन्यात कमी उतरलं तर रागावून पुडा फोडू नका.

लोणकढी | २ फेब्रुवारी, रात्री १०:१४

पुडा घरात नाही. पोराच्या डब्यापुरत्या छोट्या वड्या आणते, १० ग्रॅमच्या. त्या सासूबाईंच्या कपाटात असतात, किल्ली त्यांच्याकडे.

लोणकढी | २८ मार्च, रात्री ९:०५

वजन ७६.८. पण नवीन अडचण. ऊन वाढलं, जळगाव आत्ताच चाळिशीला टेकलंय. चक्का टांगला की संध्याकाळपर्यंत आंबून चिंच. आप्पा, काय करू? मे महिन्यात ४४-४५ ला तर तो फडक्यातून स्वतःच चालत येईल.

डेअरीतला_आप्पा | २९ मार्च, सकाळी ६:१५

बाहेर टांगूच नका. दही चार तासांत लागतं या दिवसांत, विरजण निम्मं करा आणि लागल्याबरोबर फ्रिजमध्ये. गार झालं की चाळणीत फडकं अंथरून त्यात ओता, खाली पातेलं, वर ताटली, आणि सगळं फ्रिजमध्येच रात्रभर. खाली जमलेलं पाणी फेकू नका, त्यात भाकरीचं पीठ मळा.

मावशी_चोपडेकर | २९ मार्च, सकाळी ७:३०

उकळून मग पीठ टाका हं आप्पा.

बडगीवाला | २९ मार्च, सकाळी ८:१२

ताई, भरिताचं काय झालं? सीझन संपला, एकदा तरी केलंत की नाही?

लोणकढी | २९ मार्च, सकाळी ८:४०

तीनदा केलं, खलबत्त्यात. तो लहान पडतो, वांगं बाहेर उडतं, ओट्यावर निम्मं. बडगी शोधतेय. बाजारात दोन ठिकाणी विचारलं, एकाने पोळपाट दाखवला.

बडगीवाला | २९ मार्च, सकाळी ८:४४

गावाकडच्या सुताराला सांगतो. हात-सव्वा हात लांबीची चालेल का?

लोणकढी | २९ मार्च, सकाळी ८:४५

दोन हात लांबीची सांगा. सासूबाई म्हणतात, करायचंच तर गल्लीला पुरेल एवढं.